गुलाबी वाळूचे धनी

कॅरिबियन समुद्रातील बार्बुडा बेटाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला प्रथम जाणवते ती तेथील शांतता. शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने गुलाबी झालेली वाळू, निळेशार पाणी, खाजणात घरटी बांधणारे हजारो फ्रिगेट पक्षी आणि कॉड्रिंग्टन हे एकच गाव! नव्वदच्या दशकात ब्रिटनची युवराज्ञी डायाना विश्रांतीसाठी येथेच येत असे. २०११ साली एका किनाऱ्याला तिचे नावही देण्यात आले. निसर्गाने ही शांतता फुकट बहाल केली, असे पाहुण्याला वाटते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

१६८५ साली इंग्रज राजसत्तेने सुमारे १६० चौरस किलोमीटरचे हे बेट कॉड्रिंग्टन बंधूंना भाडेपट्ट्याने दिले. येथील जमीन उथळ आणि पाऊस बेताचा. त्यामुळे उसाचे मोठे मळे येथे फोफावले नाहीत. आफ्रिकेतून आणलेले गुलाम व त्यांचे वंशज येथे गुरे राखीत, धान्य पिकवीत, लाकूड तोडीत आणि शेजारच्या अँटिग्वा बेटावरील मालकांच्या मळ्यांना रसद पुरवीत.

१ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी संपली. ब्रिटिश साम्राज्यातील मालकांना नुकसानभरपाईपोटी दोन कोटी पौंड मंजूर झाले. मुक्त झालेल्यांना एक छदामही मिळाला नाही. बार्बुडावरील सुमारे ५०० माणसे स्वतंत्र झाली खरी, पण जमिनीचा कागद त्यांच्या हाती आला नाही. कॉड्रिंग्टन घराण्याचा पट्टा १८७० पर्यंत चालूच राहिला. तरीही ती माणसे तेथेच राहिली. जमीन कोणा एकाची नव्हे, सर्वांची, या रीतीने त्यांनी ती कसली, गुरे चारली, मासे धरले. ज्या भूमीत पूर्वजांचा घाम मुरला, ती विकायची कशी? २००७ साली कायद्यानेही ही सामायिक मालकी मान्य केली. मोठ्या प्रकल्पाला लोकांची संमती आवश्यक ठरली. त्या किनाऱ्याची शांतता या न विकलेल्या जमिनीतून आलेली होती.

६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा चक्रीवादळ ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाने बेटावर आदळले. बहुतेक घरे मोडली, एक बालक दगावले. दुसऱ्या वादळाच्या भीतीने सुमारे १,८०० रहिवाशांना अँटिग्वात हलविण्यात आले. तीन शतकांत प्रथमच बेट निर्मनुष्य झाले. लोक अजून पुरते परतले नव्हते, तोच सरकारने जमिनीचा कायदा बदलण्यास घेतला. उंची विश्रामस्थानांची स्वप्ने तर त्याआधीच किनाऱ्यावर येऊन ठेपली होती. रहिवासी न्यायालयात गेले. जून २०२२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला : त्यांच्या सामायिक हक्काला घटनेने संरक्षिलेली मालमत्ता म्हणता येणार नाही.

सरकारचेही म्हणणे आहे की, खाजगी मालकीवाचून कर्ज नाही, आणि कर्जावाचून घर उभे राहत नाही. हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येणारा नाही. परंतु ज्यांचे घर कोसळले आहे, त्यांनी छपराच्या बदल्यात पायाखालची भूमी द्यावी काय? गुलाबी वाळूवर पहुडलेल्या पाहुण्याने घटकाभर तरी विचारावे : ही शांतता राखली कोणी, आणि उद्या या किनाऱ्यावर पाहुणा कोण ठरणार?