धारूरच्या रानाचे रहिवासी

बीड जिल्ह्यांतील धारूर हें बालाघाटच्या माथ्यावरील जुनें गांव. माजलगांवाकडील काळी सपाट जमीन मागें पडली, कीं घाटाचीं वळणें लागतात आणि दोहों बाजूंस सीताफळीचें झुडुपी रान दिसूं लागतें. दिवाळीच्या सुटींत किल्ला पाहण्यास व सीताफळें चाखण्यास येणाऱ्या कुटुंबांना पहाटेच्या वेळीं या बाजूस मोर दिसतो, झाडांवर वानरांची टोळी दिसते; एखादे वेळीं मुंगूस वाट ओलांडून जातें, झुडुपांतून तित्तिर भुर्रकन उडतो. मुलांना मोठा आनंद होतो. परंतु हेच प्राणी कां दिसतात आणि दुसरे कां दिसत नाहींत, या प्रश्नाचें उत्तर प्राणिशास्त्रापेक्षां इतिहासांत अधिक सांपडतें.

धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान यानें १५६७ च्या सुमारास बांधला. दोनच वर्षांनीं मुर्तजा निजामशहानें तो जिंकला व त्या झटापटींत किश्वरखान मारला गेला. पुढें १६३१ च्या जानेवारींत शहाजहानचा सरदार आझमखान यानें किल्ला मोगलांकडे आणला. त्या वेळीं दख्खनमध्यें इतिहासप्रसिद्ध दुष्काळ चालू होता. माणसें व गुरें अन्नपाण्यावांचून मरत होतीं. फौजेचा तळ पडला, कीं चुलींना सरपण, मोर्च्यांना लांकूड व घोड्यांना वैरण आसपासच्या डोंगरांतूनच आणावी लागे. किल्ला हातोहात फिरला, त्याची नोंद तवारिखांत झाली; रानाची झीज मात्र कोणी मोजून ठेविली नाहीं.

राजेलोकांचें लक्ष वन्य पशूंकडे गेलें तें बहुधा शिकारीसाठीं. दख्खनच्या माळांवर काळवीट होते, आणि त्यांच्यामागें धावणारा चित्ताही होता. हा चित्ता धरून, माणसाळवून काळविटावर सोडीत. अकबरानें असे एक हजार चित्ते जमविले होते, असें त्याच्या मुलानें, जहांगीर बादशहानें, लिहून ठेविलें आहे. बंदिवासांत चित्त्याची वीण जवळजवळ होतच नाहीं. त्यामुळें हवा तेव्हां नवा चित्ता रानांतूनच धरावा लागे. शतकानुशतकें हें चालल्यावर विसाव्या शतकांत कोल्हापूरच्या दरबाराला शिकारीचे चित्ते आफ्रिकेहून मागविण्याची पाळी आली. १९४७ साली कोरिया संस्थानांत तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ साली भारतांतून चित्ता नामशेष झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. २०२२ च्या सप्टेंबरांत नामिबियाहून आठ चित्ते मध्यप्रदेशांतील कुनो येथें आणले गेले, ते हजारो कोसांवरून आणि मोठ्या खर्चानें.

गेलेला प्राणी परत आणणें किती कठीण, हें स्कॉटलंडच्या डोंगरी रानांतही दिसून आलें आहे. तेथील पाइन वृक्षांच्या रानांत सुटी घालविणारे लोक तांबडी खार आणि कॅपरकेली नांवाचा मोठा रानकोंबडा पाहण्यासाठीं धडपडतात. हा पक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथून पार नाहींसा झाला होता. १८३७ साली स्वीडनहून पक्षी आणून टेमथ येथें सोडले. नवीन लावलेल्या पाइनच्या रानांत ते वाढले व पसरले. तरीही २०२२ पर्यंतच्या गणनेंत त्यांची संख्या साडेपांचशेंच्याही आंत आली. पक्षी परत आला, पण तो टिकण्यास लागणारें निवांत रान पुरेसें राहिलें नाहीं.

धारूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. येथील सीताफळ मूळचें अमेरिकेचें. पोर्तुगीजांच्या काळांत तें इकडे आलें, असें सामान्यतः मानतात. त्याच्या कडवट पाल्याला शेळी सहसा तोंड लावीत नाहीं. म्हणून जेथें चराईनें व कुऱ्हाडीनें इतर झाडोरा हटला, तेथें हें परदेशी झुडूप तग धरून राहिलें. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालें, तें फळाच्या गोडीसाठीं. परंतु त्याच्या सावलींत मोर, ससे व तित्तिर यांना आडोसा मिळाला, हा उपकारही लहान नव्हे. याच जिल्ह्यांत पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें १९९४ साली मोरांसाठीं अभयारण्य झालें आहे.

काळवीट व लांडगा यांना मात्र झुडुपांचा उपयोग नाहीं. त्यांना गवताचा मोकळा माळ हवा. १९७२ च्या कायद्यानें दोघांनाही संरक्षण दिलें आहे; पण ज्या माळावर ते जगतात, त्याला व्यवहारांत पडीक जमीन म्हणतात, आणि पडीक म्हटलें कीं ती नांगरण्यास, खणण्यास किंवा दाट वृक्षारोपणास कोणीही मोकळा समजतो. चित्ता गेला तो केवळ शिकारीनें नव्हे. त्याचें भक्ष्य आणि त्याचा माळ हींही आटत गेलीं होतीं.

किल्ल्याचा बुरूज ढासळला तर पुन्हां दगड रचतां येतो. रानाच्या बाबतींत तसें होत नाहीं. धारूरच्या घाटांत सुटीच्या दिवशीं मुलांना मोर दाखविणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं समोरचा ओसाड वाटणारा माळही त्यांना दाखवावा, आणि तेथें कोण राहतें तेंही सांगावें.