पेंढ्यावरची उडी

भात झोडून झालं की वेल्ह्यात आमच्या खळ्यावर पेंढ्याचा ढीग पडायचा आणि आम्ही पोरं माळ्यावरून त्यात उड्या घ्यायचो. पुढे तोरण्याच्या पायथ्याशी विज्ञान शिकवताना मंगळावर उतरण्याचा धडा मी याच ढिगापासून सुरू करायचो.

४ जुलै १९९७. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजत आले होते, दारात पाऊस कोसळत होता, आणि तिकडे ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर आदळलं. पॅराशूट होतं, रॉकेटं होती. शेवटचा दणका मात्र हवेच्या पिशव्यांनी सोसला. किमान १५ उसळ्या! पिशव्या व्हेक्ट्रन नावाच्या चिवट धाग्याच्या. ओहायोतल्या निर्वात कक्षात दगडांवर आपटून पाहिल्या तेव्हा आधी त्या फाटल्या होत्या. थर वाढवले, मग टिकल्या. मला त्या फाटलेल्या पिशव्यांचं मोल फार वाटतं.

कल्पना त्याहून जुनी. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी सोव्हिएत ‘लुना ९’ अशाच पिशव्यांच्या आधाराने चंद्रावर उतरलं. २००४ च्या जानेवारीत मंगळावर ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या बग्ग्याही पिशव्यांवरच उतरल्या. २०१२ ची ‘क्युरिऑसिटी’ जवळजवळ ९०० किलोची. एवढं ओझं पिशव्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून ती दोरांनी अलगद खाली सोडली.

वर्गात आम्ही अंड्याभोवती फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने बांधून गच्चीवरून टाकायचो. एका मुलीने त्या जरा ढिल्याच ठेवल्या. “सर, गच्च भरली की फुटते,” ती म्हणाली. सुतळी सोडली. अंडं शाबूत होतं.