औटकीचं कूळ

नागपूरजवळच्या उमरेडची रेशीमकाठी हातमागाची धोतरं एकेकाळी नावाजलेली. कापड हातानं मोजायचं, दाम आण्यांत. हाताला साडेतीन आणे दर, बारा हातांचे किती? बेचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये दहा आणे. असा हिशेब तोंडी व्हावा म्हणून शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत; आणि मग औटकी, साडेतीनचा पाढा.

औट आला संस्कृत ‘अर्धचतुर्थ’पासून, प्राकृतातल्या ‘अद्धुट्ठ’च्या वाटेनं. तीन पुरे झाले, चौथा अर्धाच भरला, असा हा हिशेब. अडीच त्याचा सख्खा भाऊ : ‘अर्धतृतीय’. जर्मन माणूसही साडेतीन वाजता ‘अर्धे चार’ म्हणतो. ‘साडे’ची चाल उलटी. तो ‘सार्ध’मधून आला, म्हणजे अर्ध्यासकट, झालेलं मोजून वर अर्धा ठेवणारा. सव्वा (सपाद) त्याच्याच गोटातला, तर पावणे औटाच्या. ३॥ हा आकडा एकच, पण एक शब्द त्याच्याकडे चाराकडून पाहतो, दुसरा तिनाकडून. गणिताला या भांडणाशी काही देणंघेणं नाही.

नागपूर जुन्या मध्य प्रांताची राजधानी, त्यामुळे मराठी आणि हिंदी शाळा एकाच सरकारच्या. हिंदीत याच पाढ्याला हूँठा म्हणत. गुजरातीत ऊठां, तिथं तर ‘ऊठां भणाववां’ म्हणजे एखाद्याला गंडवणं! पाढ्यावरचा एवढा राग मराठीनं काही धरला नाही.

लिहिण्याची सोयही चोख होती. पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. चार पैशांचा आणा, चार आण्यांची पावली, चार पावल्यांचा रुपया. सगळा कारभारच चौपटीचा. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि साडेतीन आण्यांचे २१.८७५ पैसे निघू लागले. मग २२ धरा! औटकी बहुधा या दशांशानंच मारली.

शब्द मात्र औट हात देहात आणि औट घटकेच्या राज्यात टिकला. मुहूर्त साडेतीन झाले, शक्तिपीठंही साडेतीनच. दीड आणि अडीच यांना मात्र ‘साडे’ हलवू शकला नाही. पोर ‘साडेदोन’ म्हणालं की घरातली मोठी माणसं अजून हसतात.