मलिक अंबराचें नांव : देवमासा व गुलामांचा व्यापार यांविषयीं एक टिपण

मलिक अंबर ह्या नांवांतील ‘अंबर’ हा शब्द संस्कृत नव्हे. तो आकाशवाचकहि नाहीं आणि वस्त्रवाचकहि नाहीं. अरबी ‘अन्बर’ म्हणजे समुद्रकांठीं सांपडणारें एक सुगंधि द्रव्य. अत्तरवाल्यांच्या कुप्यांत व हकीम-वैद्यांच्या पुड्यांत तें ‘अंबर’ ह्याच नांवानें आलें. हें द्रव्य देवमाशाच्या आंतड्यांत तयार होतें. निजामशाहीचा गाडा पंचवीस वर्षें ओढणाऱ्या आणि अकबर-जहांगिरांच्या फौजांस दक्षिणेंत थोपवून धरणाऱ्या पुरुषास असल्या जिनसाचें नांव कां असावें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे आपल्या दप्तरांत ठिकठिकाणीं पडलेला, परंतु पुरावा म्हणून न वाचला गेलेला एक पुरावा हातीं लागतो.

शब्दाचा एक घोटाळा आधींच दूर केलेला बरा. खालापूर तालुक्यांत उंबरखिंड आहे. तेथें २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाची फौज कोंडून शरण आणिली. त्या नांवांतला उंबर हा औदुंबर. त्याचा अंबराशीं संबंध नाहीं. मात्र अंबराच्या इतिहासाशीं ह्या टापूचा संबंध निराळ्या वाटेनें येतो. कुंभिवली, खोपोली, कर्जत हा सारा पट्टा घाटाच्या पायथ्याचा. चौल, पनवेल, कल्याण ह्या बंदरांचा माल देशावर जाई तो बोरघाट, कुसूरघाट अशा वाटांनीं. चौल हें तर निजामशाहीचें समुद्राकडील द्वारच होतें. कोंकणच्या बंदरीं उतरलेला घोडा असो, खजूर असो कीं विकत घेतलेला हबशी असो, अहमदनगर-जुन्नराकडे जाण्यास त्याला एखादा घाट चढल्यावांचून गत्यंतर नव्हतें. घाटाखालच्या ह्या खेड्यांनीं तीं माणसें जातांना पाहिलीं असलीं पाहिजेत.

मलिक अंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणांत झाला. त्याचें मूळ नांव चापू असल्याचें सांगतात. पोरवयांतच तो गुलाम म्हणून विकला गेला. पीटर व्हान डेन ब्रूक हा वलंदेज व्यापारी १६१७ सालीं अंबरास प्रत्यक्ष भेटला होता. मोख्याच्या बाजारीं वीस डुकाटांस ह्याची विक्री झाली होती, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें बगदादेस मीर कासीम नांवाच्या धन्यानें त्यास शिकविलें, मुसलमान केलें आणि अंबर हें नांव दिलें. त्यानंतर निजामशाहीचा पेशवा चंगेजखान ह्यानें त्यास विकत घेतलें. हा चंगेजखान स्वतःहि पूर्वीचा हबशी गुलामच. तो वारल्यावर त्याच्या पत्नीनें अंबरास मोकळें केलें. १६०० सालीं अहमदनगर पडल्यावर त्यानें दुसऱ्या मुर्तजास गादीवर बसवून राज्य सांवरलें. १६१० च्या सुमारास खडकी (पुढील काळचें औरंगाबाद व आतांचें छत्रपति संभाजीनगर) वसविली. १६२४ त भातवडीस मोंगल व विजापूरकर ह्यांच्या जोडफौजेचा मोड केला. आणि १६२६ त तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. जमीनधाऱ्याच्या व्यवस्थेंत ‘मलिकंबरी’ हा शब्द त्याच्यामागेंहि कित्येक पिढ्या टिकला.

आतां अंबर हें नांव एकटें घेऊं नये. त्याच्या पंक्तीला बसणारीं नांवें पाहावीं. पन्हाळ्यास वेढा घालणारा सिद्दी जौहर : जौहर म्हणजे रत्न. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत : याकूत म्हणजे माणिक. सिद्दी संबूल : सुंबुल म्हणजे जटामांसी. १६५७ त औरंगजेबाविरुद्ध बेदर लढविणारा सिद्दी मर्जान : मर्जान म्हणजे पोवळें. विजापुरचा मलिक रैहान : रैहान म्हणजे सुगंधि तुळस. खंबायतेस सांपडलेला अल्लाउद्दीन खिलजीचा मलिक काफूर जन्मानें हबशी नव्हता, पण गुलाम होता. काफूर म्हणजे कापूर. जंजिऱ्याच्या सिद्द्यांतहि एक अंबर होऊन गेलाच. बापानें मुलाचें नांव देवावरून, पूर्वजावरून अगर पैगंबराच्या सोबत्यावरून ठेवावें ही सर्वत्र रीति. येथें नांव ठेवणारा बाप नसून धनी आहे, आणि त्यानें तें आपल्या वखारींतील मौल्यवान मालावरून ठेविलें आहे. हीं नांवें वाईट हेतूनें ठेविलीं असें म्हणतां येत नाहीं. उलट त्यांत कौतुकच दिसतें. परंतु तें कौतुक विकत घेतलेल्या वस्तूचें आहे. पुढें हींच नांवें सिद्दी घराण्यांत मानानें चालूं लागलीं व त्यांतला मूळ वास उडाला, ही गोष्ट निराळी.

अंबर हा जिन्नस आणि अंबर हा माणूस ह्यांची पेठ एकच होती, हें येथें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. दहाव्या शतकांतील अरब ग्रंथकार मसूदी हा जंगबाराच्या किनाऱ्यावरील अंबराची थोरवी गातो. मोठा मासा अंबर गिळतो, त्यानें मरून वर तरंगतो, मग लोक गळ टाकून त्यास ओढून पोट फाडतात, असें तो सांगतो. मार्को पोलोच्या वृत्तांतांत सोकोत्रा बेटाकडील लोक दोरी बांधलेल्या भाल्यानें देवमासा मारून पोटांतून अंबर व डोक्यांतून तेल काढीत, असें वर्णन आहे. त्याच आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत येई, सोनें येई आणि माणसें येत. गार्सिया द ओर्ता हा गोव्याचा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं उपचारास जात असे. त्याचा १५६३ सालीं गोव्यास छापलेला संवादग्रंथ अंबरावर एक स्वतंत्र संवाद देतो. अंबराची उत्पत्ति देवमाशापासून, हें मत त्यास मान्य नव्हतें. तें भूमींतूनच उपजतें असा त्याचा कल. आपल्या रसग्रंथांतील ‘अग्निजार’ म्हणजे हेंच द्रव्य, असें पुष्कळांचें मत आहे. समुद्रांतील अग्निनक्राचा जरायु कांठीं येऊन उन्हानें वाळतो तो अग्निजार, असें रसरत्नसमुच्चयकार म्हणतो. प्राण्याच्या शरीरांतून आलेला पदार्थ, एवढें तरी त्यानें ओर्तापेक्षां नेमकें धरलें.

ह्या वादाचा निकाल लागला तो देवमाशांच्या शिकाऱ्यांमुळें. १७८३ सालीं श्वेडियावर नांवाच्या वैद्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. शिकाऱ्यांनीं स्पर्म जातीच्या देवमाशाच्या आंतड्यांतून अंबराचे गोळे काढले होते व त्यांत माकुलांच्या चोंची रुतलेल्या होत्या. माकूल हें तर त्या माशाचें मुख्य खाद्य. (हल्लीं कोंकणच्या किनाऱ्यावर असे गोळे जप्त झाले म्हणजे वर्तमानपत्रें ‘व्हेल माशाची उलटी’ असें छापतात. तें बरोबर नव्हे. हा आंतड्यांतला पदार्थ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याचा बाळग व व्यापार गुन्हा ठरतो, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.)

ह्या शिकाऱ्यांचा धंदा गुलामांच्या व्यापारापासून दूर नव्हता. स्पर्म माशाच्या डोक्यांतील मेणाच्या मेणबत्त्या अमेरिकेंत ऱ्होड आयलंडच्या बाजूस होत. प्रॉव्हिडन्सचे ब्राऊन बंधु त्या धंद्यांतले पुढारी. १७६४ त त्यांनीं ‘सॅली’ नांवाचें गलबत आफ्रिकेस धाडलें. त्यांत दारूच्या पिंपांबरोबर ह्या मेणबत्त्याहि होत्या आणि बेड्या-हातकड्याहि होत्या. त्या सफरींत घेतलेल्या १९६ आफ्रिकनांपैकीं १०९ मेले. पुढें एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन शिकारी हिंदी महासागरांत आले आणि पाणी व शिधा घेण्यास जंगबारास लागूं लागले. जे. रॉस ब्राऊन हा अशाच एका शिकारी जहाजावरील खलाशी. १८४६ त प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकांत एकीकडे खलाशांची जहाजावरील दैना आहे, तर दुसरीकडे जंगबारांतल्या मुक्कामाची हकीकत आहे. त्याच सुमारास अमेरिकेचें मांजरपाट जंगबारांत ‘मरिकानी’ ह्या नांवानें खपे. त्याचा कापूस तिकडील गुलामांनीं पिकविलेला, आणि त्याच्या मोबदल्यांत मिळणारा हस्तिदंत किनाऱ्यापर्यंत पुष्कळदां इकडील गुलामांच्या खांद्यावरून आलेला.

कागदपत्रें वाचणाऱ्यांस ह्यांतला आणखी एक प्रकार मननीय वाटेल. १८३५ च्या इंग्रज-स्पेन तहानें असें ठरलें कीं, जहाजावर गुलाम प्रत्यक्ष सांपडले नाहींत तरी सामग्रीवरून तें गुलामांचें ठरवावें. सामग्री म्हणजे बेड्या, दुसरी तळई घालण्यास जादा फळ्या, नेहमींहून अधिक पाण्याचीं पिंपें, मोठ्या कढया. आतां देवमाशाच्या शिकारी जहाजावर बेड्या सोडल्या तर हें सारें सामान असतेंच : पिंपें तेलासाठीं, कढया चरबी वितळविण्यासाठीं. म्हणून १८५० नंतर कांहीं व्यापाऱ्यांनीं जुनीं शिकारी जहाजें घेऊन, शिकारीचे परवाने दाखवून, आफ्रिकेकडे गुलामांसाठीं धाडलीं. न्यू बेडफर्डच्या ‘मार्गारेट स्कॉट’ ह्या जहाजाच्या प्रकरणांत ॲपल्टन ओकस्मिथ ह्यास १८६२ त बोस्टन येथें दोषी ठरविलें गेलें. परवाना अस्सल, शिक्का अस्सल, मजकूर मात्र खोटा, असा हा कागद होता. दस्तक अस्सल ठरलें कीं आपलें काम संपलें, असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण जवळ ठेवावें.

परक्यांचीं दप्तरें उघडतांना आपलीं मिटून ठेवणें हा संशोधकाचा धर्म नव्हे. १६७७ त कर्नाटकच्या स्वारींत शिवाजीमहाराजांनीं वलंदेजांस जो कौल दिला, त्यांत मुसलमानी अमलांत तुम्ही माणसें विकत घेऊन बाहेर नेत होतां, माझ्या राज्यांत तें चालणार नाहीं, अशा आशयाचें स्पष्ट कलम आहे. ह्या कलमाचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? परंतु वाडांनीं निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशीचे उतारे चाळले कीं बटकी व कुणबिणी ह्यांची खरेदी, किंमत व बक्षीस हीं शंभर वर्षांनंतर आपल्याच कारकुनांच्या सुवाच्य मोडींत लिहिलेलीं आढळतात. मलिक अंबरहि ह्यांतून सुटत नाहीं. विल्यम फिंच हा इंग्रज प्रवासी १६१० च्या सुमारास त्याच्या फौजेंत दहा हजार स्वजातीय असल्याचें सांगतो. हे हबशी दक्षिणेंत आले ते बव्हंशीं त्याच बाजारांतून, ज्यांत तो स्वतः विकला गेला होता. त्याची थोरवी ह्यानें कमी होते असें मला वाटत नाहीं. पण ती सांगतांना हें गाळणें म्हणजे चरित्र नव्हे, पोवाडा झाला.

म्हणून सूची करणाऱ्यांस एक सुचवावेंसें वाटतें. दप्तरांत अंबर, याकूत, जौहर, संबूल, मर्जान, रैहान अशीं नांवें आलीं म्हणजे ‘एक सिद्दी’ एवढें लिहून थांबूं नये. नांव जसें मोडींत असेल तसें पूर्ण उतरून घ्यावें, व जवळपास धन्याचें नांव, किंमत, अगर बंदराचा निर्देश असल्यास तोहि टिपावा. कुणबिणींच्या यादींतील नांवांचीहि तीच गोष्ट. बहुतेकींच्या आयुष्याचा तेवढाच शब्द उरला आहे, आणि तोहि त्यांचा स्वतःचा असेलच असें नाहीं.

नांव बदलण्याची ही रीति गुलामगिरीबरोबर संपली नाहीं. हिंदुस्थानांत १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामीचा हक्क न्यायालयांत अग्राह्य ठरला. जंगबारचा बाजार १८७३ च्या तहानें बंद झाला. मधल्या काळांत इंग्रजी आरमारानें अरबांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें मुंबईस उतरत, व त्यांतलीं कित्येक नाशिकजवळ शरणपुरास चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमांत ठेविलीं जात. तेथें त्यांस सुतारकी, लोहारकी व अक्षरओळख शिकवीत. लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या सफरींत ह्या नाशिककर मुलांपैकीं कांहीं होतीं. १ मे १८७३ च्या सुमारास तो वारला, तेव्हां त्याचें प्रेत समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत सुसी व चुमा ह्यांच्या जोडीस तींहि होतीं. त्यांतला जेकब वेनराइट प्रेताबरोबर विलायतेस गेला. चुमा मुंबईस डॉ. विल्सन ह्यांच्या शाळेंत होता. १८६५ त बाप्तिस्मा होऊन तो जेम्स चुमा झाला. आणि शरणपुरीं शिकलेला मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ त मोंबासास वारला. त्याच्या याओ आईबापांनीं त्याचें नांव चेंग्विंबे ठेविलें होतें.