मार्कर ते द्रोणाचार्य

बिलियर्ड्स आणि स्नूकर हे साहेबाचे खेळ, अशी समजूत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, त्यांपैकी स्नूकर हा याच देशाच्या भूमीवर जन्मास आला, असे सांगितले म्हणजे पुष्कळांस नवल वाटते. सन १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत डेव्हनशायर पलटणीचा एक तरुण अधिकारी होता. नेव्हिल चेंबर्लेन हे त्याचे नाव. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबर्लेन तो हा नव्हे. पावसाळ्याच्या दिवसांत अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातील बिलियर्ड्सचे टेबल हाच काय तो विरंगुळा असे. तेथे पंधरा तांबड्या चेंडूंचा एक जुना खेळ चाले. चेंबर्लेनने त्यात निरनिराळ्या रंगांचे व निरनिराळ्या किमतीचे चेंडू आणखी घातले आणि नवाच खेळ तयार झाला. एका सोबत्याचा सोपा फटका चुकला, तेव्हा त्याने त्याला ‘स्नूकर’ म्हणून हिणविले. वूलिचच्या लष्करी विद्यालयात नवशिक्या विद्यार्थ्यांस हा शब्द लावीत असत. या खेळात आपण सारेच नवशिके आहोत, तेव्हा हेच नाव खेळास असू द्या, असे चेंबर्लेन म्हणाला आणि ते नाव कायम झाले.

म्हणजे या खेळाच्या नावाचा मूळ अर्थच ‘शिकाऊ’ असा आहे. जेथे शिकाऊ आला तेथे शिकविणाराही आलाच पाहिजे. परंतु स्नूकरच्या इतिहासात शिकविणाऱ्याचे नाव फार उशिरा उमटले. ते इतके उशिरा का उमटले आणि अखेर कोणामुळे उमटले, याचाच विचार येथे करावयाचा आहे.

जबलपूरहून हा खेळ चेंबर्लेनबरोबर निलगिरीत गेला. उटकमंडच्या क्लबात १८८२ साली त्याचे नियम लिहून लावण्यात आले. पुढे १८८५ साली बिलियर्ड्सचा प्रख्यात इंग्रज खेळाडू जॉन रॉबर्ट्स कलकत्त्यास आला असता त्याची व चेंबर्लेनची गाठ पडली, आणि त्याच्यामार्फत हा खेळ विलायतेत पोहोचला. बारा फूट लांब व सहा फूट रुंद टेबल, त्यावर पाटीच्या दगडाच्या जड फरशा, त्यांवर ताणून बसविलेले हिरवे लोकरी कापड, असा हा सरंजाम. तो सामान्य घरात मावणारा नव्हे. त्यामुळे छावण्या, संस्थानिकांचे वाडे आणि शहरांतील क्लब यांपलीकडे हा खेळ गेला नाही.

मात्र त्या बंद दारांच्या आत एक देशी मनुष्य पहिल्यापासून वावरत होता. त्यास ‘मार्कर’ म्हणत. गुण फळ्यावर मांडणे, खिशात गेलेले रंगीत चेंडू पुन्हा त्यांच्या ठिकाणी ठेवणे, कापड झाडून त्यावर इस्त्री फिरविणे, क्यूची टोके घासून नीट करणे, ही त्याची कामे असत. एखाद्या सभासदास जोडीदार नसला म्हणजे मार्कर त्याच्याशी खेळे, आणि नवख्या साहेबाने काठी कशी धरावी हेही तोच अदबीने सांगे. रात्रंदिवस टेबलाजवळ उभे राहून खेळाची जाण त्याच्या अंगी मुरलेली असे. या देशातील बिलियर्ड्सचे आणि स्नूकरचे आद्य शिक्षक कोण, असे विचारले तर हे मार्कर, असेच उत्तर द्यावे लागेल. पण त्यांस शिक्षक म्हणून कोणी ओळखले नाही. ते नोकर होते. ज्यांना त्यांनी शिकविले त्यांची नावे क्लबाच्या पाट्यांवर सोनेरी अक्षरांत चढली; शिकविणाऱ्याचे नाव पगारपत्रकापलीकडे गेले नाही.

आपल्या तालमींची परंपरा याहून किती निराळी! कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या आश्रयाने मल्लविद्या भरभराटीस आली, तेव्हा मल्लाइतकाच मान वस्तादाला होता. अमक्या वस्तादाचा चेला, अशी पैलवानाची ओळख सांगितली जाई. वस्ताद गरीब असेल, परंतु त्याच्या पायाची माती कपाळास लावल्याखेरीज चेला हौद्यात उतरत नसे. ज्या समाजाने तालमीतील गुरूचा एवढा मान राखला, त्याच समाजातील माणूस क्लबाच्या दिवाणखान्यात गुरू असूनही हुजऱ्या ठरला. दोष विद्येचा नव्हता. ती जेथे दिली जात होती त्या जागेचा होता.

असाच प्रकार स्क्वॉश या खेळातही घडला. पेशावरच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात लहानपणी चेंडू वेचणारा हाशिम खान पुढे तेथील खेळाचा शिक्षक झाला आणि १९५१ साली विलायतेस जाऊन त्या खेळातील सर्वांत मानाची ब्रिटिश खुली स्पर्धा त्याने जिंकली. क्लबातील नोकरांच्या अंगी केवढे सामर्थ्य दडलेले होते, ते तेव्हा जगास दिसून आले.

स्नूकर व बिलियर्ड्स यांच्या बाबतीत हा पालट घडविण्याचे बरेचसे श्रेय पुण्यात जन्मलेल्या एका अँग्लो-इंडियन गृहस्थांकडे जाते. विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी झाला. पुण्याच्या बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट या शाळांत त्यांचे शिक्षण झाले. १९४८ साली ते स्नूकरचे राष्ट्रीय विजेते झाले आणि हे अजिंक्यपद त्यांनी एकंदर पाच वेळा मिळविले. बिलियर्ड्समध्ये तर १९५० ते १९६६ या काळात ते बारा वेळा राष्ट्रीय विजेते ठरले. १९५८ साली कलकत्त्यास भरलेल्या जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धेत त्यांनी अजिंक्यपद पटकाविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील जागतिक अजिंक्यपद मिळवून देणारा पहिला खेळाडू म्हणून त्यांची नोंद झाली आहे. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी हा पराक्रम पुन्हा केला. १९६३ साली अर्जुन पुरस्कार आणि १९६५ साली पद्मश्री, असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले.

१९६७ साली जोन्स स्पर्धांतून निवृत्त झाले. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळीस होते. या वयात पुष्कळ खेळाडू आपली पदके कपाटात मांडून जुन्या आठवणींवर समाधान मानतात. जोन्स यांनी निराळा मार्ग धरला. ते शिकवू लागले. आज यात विशेष काही वाटणार नाही. परंतु त्या काळी या खेळातील शिक्षकाचा व्यवसाय म्हणून असा काही मळलेला रस्ता नव्हता. हौशी खेळाडूने खेळाचा पैसा करू नये, असा त्या काळच्या क्रीडाजगताचा दंडक होता. पैसे घेऊन शिकविणारा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे मार्करच उभा राही. दोनदा जग जिंकलेला मनुष्य त्याच टेबलाशी, दुसऱ्याच्या हातातील क्यू नीट करून देण्यासाठी उभा राहिला, तेव्हा त्या जागेची किंमत आपोआप वाढली.

शिक्षकाचे काम तरी नेमके काय असते? पाहणाऱ्यास वाटते की, काठीने चेंडू मारणे यात शिकविण्यासारखे काय आहे? वस्तुतः सारी विद्या त्यातच आहे. पाय कसे रोवावेत, पुढच्या हाताचा टेकू टेबलावर कसा घट्ट बसवावा, हनुवटी क्यूला जवळजवळ टेकवून नजर एका रेषेत कशी ठेवावी, कोपराखालचाच हात लंबकाप्रमाणे कसा हलवावा, हे प्रथम शिकवावे लागते. त्यानंतर पांढऱ्या चेंडूची करामत येते. मध्याच्या खाली मारला तर तो दुसऱ्या चेंडूवर आदळून मागे फिरतो. वर मारला तर पुढे धावतो. बाजूस मारला तर कडेच्या रबरावर आपटून निराळ्याच कोनात जातो. तांबड्याचा एक गुण, काळ्याचे सात; पंधरा तांबड्यांपैकी प्रत्येकाबरोबर काळा आणि शेवटी सारे रंग क्रमाने घेतले म्हणजे १४७ गुण होतात. परंतु हा फटका मारीत असताना पुढच्या फटक्यासाठी पांढरा चेंडू कोठे थांबेल, याचा विचार ज्याला करता आला तोच खेळाडू. हा विचार विद्यार्थ्याच्या अंगी बाणविणे, हेच शिक्षकाचे खरे काम होय.

चांगला खेळाडू हा चांगला शिक्षक असतोच असे नाही. स्वतःच्या हातून सहज घडणारी गोष्ट दुसऱ्याच्या हातून का घडत नाही, हे पाहण्यास निराळी दृष्टी लागते. इंग्लंडमध्ये फ्लीटवुड गावी मासळीचा व्यापार करणारा फ्रँक कॅलन नावाचा एक गृहस्थ होता. जागतिक विजेता तो कधीच झाला नाही. पण त्याला ही दृष्टी होती. स्टीव्ह डेव्हिससारखे जगज्जेते खेळाडू आपला फटका तपासून घेण्यासाठी त्याच्याकडे जात. जोन्स यांच्या ठिकाणी हातातील कसब आणि पाहण्याची दृष्टी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

याचे फळ लवकरच दिसून आले. सुभाष अगरवाल आणि अशोक शांडिल्य हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले खेळाडू राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत पोहोचले. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत या खेळांस प्रथमच स्थान मिळाले. तेथे शांडिल्य यांनी बिलियर्ड्सचे सुवर्णपदक मिळविले. त्यांचे आणखी एक शिष्य ओम अगरवाल. १९८४ साली डब्लिन येथे त्यांनी जागतिक हौशी स्नूकर अजिंक्यपद जिंकले. हे अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. या गोष्टीत एक मर्म आहे. स्नूकरची ही जागतिक स्पर्धा १९६३ साली कलकत्त्यास सुरू झाली, आणि जोन्स यांची दोन्ही जागतिक अजिंक्यपदे बिलियर्ड्समधील होती. जे गुरूच्या हाती लागले नव्हते ते शिष्याने आणले. बासष्टाव्या वर्षी जोन्स यांना जे समाधान लाभले असेल, त्याची कल्पना कोणाही शिक्षकाला करता येईल.

क्रीडाशिक्षकांचा गौरव करण्यासाठी भारत सरकारने १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हे होते. वस्तादांच्या परंपरेचाच तो सन्मान होता. बिलियर्ड्स व स्नूकर यांच्या शिक्षकास मात्र अकरा वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ साली विल्सन जोन्स यांना तो पुरस्कार मिळाला, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पुढे २००१ साली मुंबईचे तीन वेळचे जागतिक विजेते मायकेल फरेरा आणि २००४ साली बंगलोरचे अरविंद सवूर यांना हा मान लाभला. सवूर यांच्या हाताखाली घडलेला पंकज अडवाणी याचा जन्मही पुण्याचाच, आणि त्याची जागतिक अजिंक्यपदे पंचविसाहून अधिक आहेत. जोन्स ५ ऑक्टोबर २००३ रोजी निवर्तले. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियातील बिलियर्ड्सचे दालन आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

पुरस्काराला द्रोणाचार्यांचे नाव आहे, म्हणून एकलव्याची आठवण होणे साहजिक आहे. विद्या होती, पण ती कोणाला द्यावयाची हे गुरूच्या हाती नव्हते; ते राजवाड्याने ठरविले होते. स्नूकरचेही बरीच वर्षे तसेच झाले. ज्याच्यापाशी विद्या होती तो मार्कर क्लबाच्या सभासदाखेरीज कोणाला शिकवू शकत नव्हता, आणि ज्याला शिकावयाचे होते त्या मुलाला दारातून आत जाता येत नव्हते. टेबल महाग, दालन मोठे. म्हणून हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

प्राणहितेच्या खोऱ्यात, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात बेज्जूर हे गाव आहे. १९५६ पर्यंत तो भाग हैदराबाद राज्यात मोडत होता. २०१६ सालापासून तो कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येतो. नदीपलीकडे गडचिरोली. अशा गावातील एखाद्या तरुणाने मनात आणले की, आपण स्नूकरचे शिक्षक व्हावे, तर त्याने काय करावे? त्याच्यापुढील मार्ग लांबचा आहे, पण अज्ञात नाही. प्रथम शहर गाठून टेबल असलेल्या एखाद्या दालनात पडेल ते काम पत्करावे. गुण मांडणे, पंचाचे नियम, कापडाची व क्यूची निगा, हे सारे शिकून घ्यावे. चांगल्या शिक्षकाजवळ उभे राहून तो काय पाहतो ते पाहावे. स्वतःचा खेळ निदान इतका पक्का करावा की, प्रत्येक चूक करून दाखविता यावी आणि दुरुस्तही करता यावी. मग लहान मुलांना शिकविण्यास आरंभ करावा, कारण नवशिक्याला शिकविताना शिक्षकाचीच अधिक परीक्षा होते. मान्यताप्राप्त परीक्षा व प्रमाणपत्रे पुढे यावीत. मान मिळण्यास वेळ लागेल आणि पैसा मिळण्यास त्याहून अधिक लागेल, हे मात्र आधीच ओळखून असावे.

बारकाईने पाहिले तर यातील पहिली पायरी म्हणजे मार्करचेच काम आहे. फरक एवढाच की, पूर्वी त्या पायरीवरच आयुष्य सरत असे; वर जाण्याचा जिनाच नव्हता. तो जिना विल्सन जोन्स यांनी बांधला. त्यांचे नाव दालनावर कोरले गेले, हे योग्यच झाले. पण त्या दालनात पाऊल टाकणाराने एक क्षण थांबून, ज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत त्या मार्करांचेही स्मरण करावे. खेळ इंग्रज अधिकाऱ्याने रचला असेल, परंतु या देशात तो हातोहात पुढच्या पिढीस पोहोचविला तो त्यांनीच.