डोंगरी बुजुर्गचे द्रावण

भंडारा जिल्ह्याचे आपल्या लेखनातील चित्र तळी, धानाच्या बांध्या, कोसा आणि पितळी भांडी यांपलीकडे सहसा जात नाही. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग त्या चित्रात बसत नाही. ('बुजुर्ग' म्हणजे फार्सीतील थोरला. त्याचाच मराठीत अन्यत्र 'बुद्रुक' झाला, येथे मूळ शब्द टिकला.) हे गाव मँगनीजचे आहे, आणि त्याचा इतिहास भाषेच्या अभ्यासकांनी वाचण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

मध्य प्रांतातील मँगनीजसाठी पहिली ब्रिटिश सिंडिकेट 1896 साली उभी राहिली. फर्मोर या भूवैज्ञानिकाने 1909 च्या आपल्या बृहद्ग्रंथात येथील मँगनीजयुक्त खडकाला 'गोंडाइट' हे नाव दिले. खडकाला गोंडांचे नाव मिळाले. गोंडांना खडकातून काय मिळाले, हा त्या ग्रंथाचा विषय नव्हता. पुढे 1962 मध्ये 'मॉइल' स्थापन झाली आणि 1977 मध्ये ती पूर्णतः सरकारी झाली.

दगड म्हणून बाहेर जाणाऱ्या या खनिजाला डोंगरी बुजुर्ग येथेच विरघळवणारा कारखाना मॉइलने देशी तंत्रावर उभारला. या पद्धतीत खनिज भाजून सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात आणि शुद्ध केलेल्या गरम द्रावणातून वीज सोडतात. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते. येथे ती वाहून नेतात आयन. हा शब्द 1834 साली फॅरडेला केंब्रिजच्या व्हेवेल या विद्वानाने ग्रीकमधून घडवून दिला. त्याचा अर्थ 'जाणारा'. ग्रीक धातू आणि संस्कृत 'इ' हे सगोत्र. म्हणजे उसना घेतलेला आमचा 'आयन' दक्षिणायनातील 'अयना'चा दूरचा भाऊबंद ठरतो. परिभाषा समित्यांनी घडवलेल्या किती शब्दांना असे भाग्य लाभले असेल?

परंतु शब्द आणि पदार्थ येथे फारकत घेतात. मँगनीजचा आयन धनभारित, म्हणजे नियमाने ऋणाग्राकडे जाणारा. तांब्याच्या द्रावणात तांबे ऋणाग्रावरच बसते. येथे मात्र धनाग्राजवळचे मँगनीज आयन दोन-दोन इलेक्ट्रॉन गमावतात आणि काळा डायऑक्साइड होऊन धनाग्रावरच थर धरतात. ऋणाग्रावर नुसता हायड्रोजन निघतो. द्रावणात पुन्हा आम्ल तयार होते, ते पुढील खनिज विरघळवण्यास उपयोगी पडते. व्हेवेलच्या संज्ञा चुकीच्या नव्हेत. पण नाव दिशा सांगते, घडणे सांगत नाही. गोंडाइटचेही तसेच झाले.

धनाग्रावरचा थर खरवडून, धुऊन, दळून कोरड्या सेलसाठी पाठवतात. लेक्लांशेने 1866 साली आपल्या घटात हेच संयुग वापरले होते. ते स्वतः वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात कार्बनची पूड मिसळतात. बॅटरीचे बटण दाबले की डायऑक्साइडमधील मँगनीज, डोंगरीच्या द्रावणात सोडलेल्या दोन इलेक्ट्रॉनांपैकी एक परत घेते.