नदीवरील धुक्याचे जोडचित्र
हिवाळ्यातील पहाटे वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेवर धुके उतरले, की घाट, पात्र आणि पैलतीर एका चौकटीत मावत नाहीत. अशा वेळी शेजारशेजारची छायाचित्रे टिपून ती संगणकावर जोडली जातात. सॉफ्टवेअर दोन चित्रांतील समान खुणा शोधून सांधा जुळवते. कोऱ्या धुक्यात मात्र त्याला खूण सापडत नाही. म्हणून लगतच्या चौकटींत सुमारे ३० टक्के भाग सामाईक ठेवावा आणि त्यात झाड, पायरी किंवा काठ यावा. पांढऱ्या धुक्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो व चित्र करडे उमटते. त्यासाठी एक्स्पोजर साधारण १ स्टॉप वाढवून, फोकस व व्हाइट बॅलन्ससह सर्व चौकटींसाठी तेच कायम ठेवावे. धुके सतत सरकत असते. त्यामुळे सर्व छायाचित्रे काही सेकंदांतच टिपावीत, अन्यथा सांधे उघडे पडतात.